यिन, यांग आणि घरातली सावली

माझी धाकटी नणंद आमच्यापासून तीन स्टेशनं पुढे राहते. श्रावणातल्या एका रविवारी तिच्याकडे गेले, तर दार उघडताच डोळे दिपले. भर दुपारी बाहेरच्या खोलीत तीन दिवे, स्वयंपाकघरात ट्यूबलाइट, कोपऱ्यात रेडिओ चालू, आणि आतल्या खोलीची एक भिंत चक्क लालभडक!

"अगं, आत्ताच दिवाळी आली की काय तुझ्याकडे?" मी थट्टेनं म्हटलं.

ती हसली नाही. पाण्याचा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "वहिनी, घरात यिन फार झालंय. दिवे बंद करायचे नाहीत, रात्रीसुद्धा."

आषाढात तिचे दिवस गेले होते. म्हणजे राहिले होते आणि तिसऱ्याच महिन्यात गेले. पहिलटकरीण, लग्नाला चार वर्षं झालेली. घरात सगळेच हळहळले. पण हळहळणारी माणसं दोन-चार दिवसांनी आपापल्या कामाला लागतात आणि जिचं गेलेलं असतं, ती एकटी राहते. या एकटेपणात कुणीतरी एका फेंगशुईवाल्या गृहस्थांचं नाव सुचवलं. ते आले, होकायंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले आणि निदान करून गेले. घर तळमजल्यावर, निजायची खोली उत्तरेला, समोर दुसरी इमारत, भिंतीला ओल. सगळं यिन! यिन म्हणजे अंधार, गारठा, मरण. अशा खोलीत जीव कसा धरेल? उपाय म्हणून लाल भिंत, चोवीस तास उजेड, सतत आवाज, तीन पायांचा बेडूक, आणि मुख्य म्हणजे दिवसा त्या खोलीत आडवं व्हायचं नाही. या सगळ्याचे 11,000 रुपये.

"झोप लागते का गं?" मी विचारलं.

"नाही लागत. पण चूक घराची होती हे तरी कळलं." थोडं थांबून ती म्हणाली, "खरं तर घराची नाही, माझीच. ही जागा मीच पसंत केली होती. आणि यिन म्हणजे बाईच ना, वहिनी? तू दिलेल्या पुस्तकातच होतं की ते."

मैत्रिणींनो, माझ्या हातातला पेला तसाच राहिला. ते पुस्तक खरंच मी दिलं होतं. नव्या जागेत सामान लावताना उपयोगी पडेल म्हणून रेल्वे स्टेशनवरून घेतलेलं, चकचकीत चित्रांचं. आतली पानं मी नीट वाचलीही नव्हती.

शाळेत मी अर्धवेळ इतिहास शिकवते. मुलांना सतत सांगत असते की, एखादी गोष्ट कानावर आली तर ती मुळात कुठून आली ते आधी पाहावं. मग घरच्या माणसाच्या बाबतीत तेवढं तरी करायला नको का? शाळेच्या आणि गावातल्या वाचनालयातून पुस्तकं आणली आणि रात्री भांडी आवरल्यावर वाचत बसले. जे हाती लागलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

एकाच डोंगराच्या दोन बाजू

यिन आणि यांग हे चिनी शब्द मुळात फार साधे आहेत. यिन म्हणजे डोंगराची सावलीची बाजू आणि यांग म्हणजे उन्हाची बाजू. बस्स! भूत नाही, मरण नाही आणि बाईसुद्धा नाही. चीन उत्तर गोलार्धात असल्यामुळे तिथे डोंगराच्या दक्षिण उतारावर ऊन पडतं आणि उत्तर उतारावर सावली असते. म्हणून डोंगराची दक्षिण बाजू यांग आणि उत्तर बाजू यिन. नदीच्या बाबतीत हे उलट. तिचा उत्तर काठ दक्षिणेकडच्या उन्हाला सामोरा असतो, म्हणून तो यांग.

हे शब्द तिथल्या गावांच्या नावांत अजून आहेत. लुओ नदीच्या उत्तर काठावरचं जुनं राजधानीचं शहर म्हणजे लुओयांग. हुआ पर्वताच्या उत्तरेला, त्याच्या सावलीच्या बाजूला वसलेलं गाव म्हणजे हुआयिन. आता यिन जर अभद्र असतं, तर शतकानुशतकं माणसांनी आपल्या गावाच्या नावात ते ठेवलं असतं का?

हळूहळू या दोन शब्दांभोवती चिनी विचारवंतांनी सगळं जग मांडलं. दिवस यांग, रात्र यिन. सूर्य यांग, चंद्र यिन. उन्हाळा यांग, हिवाळा यिन. हालचाल यांग, विश्रांती यिन. पुरुष यांग, स्त्री यिन. पण यात एक मेख आहे, आणि चकचकीत पुस्तकांत नेमकी तीच गाळलेली असते. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत. एक वाढत वाढत टोकाला गेली की तिच्याच पोटातून दुसरी सुरू होते. काळ्या-पांढऱ्या माशांसारखं दिसणारं ते गोल चित्र तुम्ही पाहिलं असेल. त्यात काळ्या भागात पांढरा ठिपका असतो आणि पांढऱ्या भागात काळा. तो शोभेसाठी नाही. डिसेंबरच्या 21-22 तारखेला वर्षातली सर्वांत मोठी रात्र असते, म्हणजे यिन अगदी भरतीला आलेलं. चिनी घरांत हा दिवस सणाचा. उत्तरेकडे सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्या करतात आणि दक्षिणेकडे चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्या. कारण त्यांच्या हिशेबानं त्याच रात्री यांगचा जन्म होतो.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्या स्वयंपाकघरात उष्ण आणि थंड हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पपई उष्ण, काकडी थंड. म्हणून काकडीला कुणी अशुभ म्हणतं का? चिनी गृहिणी खेकडा थंड मानते, म्हणून त्याच्याबरोबर आलं देते. उन्हाळ्यात ती मुगाचं थंडावा देणारं सार करते आणि हिवाळ्यात मटणाचा ऊब देणारा रस्सा. थंड पदार्थ घरातून हद्दपार करा, असं ती कधी म्हणत नाही. जोडीला काय हवं, एवढंच पाहते. समतोल म्हणतात तो हा.

पेइचिंगची खिडकी आणि मुंबईची

फेंगशुई या शब्दाचा सरळ अर्थ वारा आणि पाणी. 276 ते 324 या काळात होऊन गेलेल्या गुओ पू या पंडिताच्या नावावर एक ग्रंथ सांगतात. तो घरांबद्दल नाही, दफनाबद्दल आहे! प्राणशक्ती वाऱ्याबरोबर विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असा त्याचा गाभा. या विद्येत थडग्याला यिन निवास आणि जित्या माणसांच्या घराला यांग निवास म्हणतात. म्हणजे माणसं राहतात ते कुठलंही घर त्यांच्या भाषेत आधीच यांग झालं. आता अशा घरातली एखादी खोली शांत आणि सावलीची असली, तर बिघडलं कुठे?

घर दक्षिणाभिमुख असावं, हा नियमही कुठून आला ते पाहू. पेइचिंगला जुनी घरं असतात ती आपल्या चौसोपी वाड्यासारखी. मध्ये अंगण, चारी बाजूंनी खोल्या. मुख्य खोली उत्तरेच्या अंगाला, पण तिचं तोंड दक्षिणेकडे. तिथे घरातली वडीलधारी माणसं राहतात. फाटक बहुधा आग्नेय कोपऱ्यात आणि आत शिरताच समोर आडवी भिंत, म्हणजे वाऱ्याचा झोत आणि रस्त्यावरची नजर थेट आत येत नाही. यामागे जादू नाही, शहाणपण आहे. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून, मंगोलियाच्या बाजूनं, हाडं गोठवणारा वारा येतो. त्या दिशेला भिंतीची पाठ. पेइचिंग साधारण 40 अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम 26-27 अंश असतो. हे तिरपं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून पार आतपर्यंत येतं आणि म्हाताऱ्यांचे पाय शेकतात.

आता आपली मुंबई घ्या. ती 19 अक्षांशावर. इथे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. पेइचिंगला असं कधीच होत नाही. आपल्याकडे पाऊस झोडपतो तो नैऋत्येकडून आणि माणसं जीव नकोसा होतात ती उकाड्यानं, थंडीनं नव्हे. तिकडची उत्तरेची खोली बर्फासारखी, तर इकडची उत्तरेची खोली वैशाखात स्वर्गासारखी! वारा आणि पाणी बदललं की उत्तर बदललं पाहिजे, हे तर फेंगशुईच्या नावातच आहे. दुसऱ्याच्या हवेचा नियम आपल्या खोलीला लावायचा आणि वर तिला दोषी ठरवायचं, हा कुठला न्याय?

पृथ्वी वर, आकाश खाली

आता नणंदेच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. यिन म्हणजे बाई, आणि म्हणून बाईच कमी, बाईच दोषी, हे कुठून आलं?

चिन्यांच्या 'यिचिंग' या प्राचीन ग्रंथात सहा-सहा रेघांच्या 64 आकृत्या आहेत. अखंड रेघ यांग, तुटक रेघ यिन. त्यातली अकरावी आकृती म्हणजे सुखशांती. मला वाटलं होतं, यात आकाश वर आणि पृथ्वी खाली असेल. आहे नेमकं उलट! वर तीन तुटक रेघा, म्हणजे पृथ्वी, यिन. खाली तीन अखंड रेघा, म्हणजे आकाश, यांग. कारण असं देतात की, आकाशाचा ओढा वर जाण्याकडे आणि पृथ्वीचा खाली येण्याकडे. म्हणून अशा मांडणीत दोघं एकमेकांकडे येतात आणि भेटतात. बारावी आकृती याच्या उलटी. आकाश वर, पृथ्वी खाली, दोघं एकमेकांपासून दूर जाणारी. तिचा अर्थ, सगळं अडून बसणं.

पेइचिंगचा राजवाडा 1406 ते 1420 या काळात बांधला. त्याच्या मागल्या भागात एका रेषेत तीन वास्तू आहेत. एक आकाशाच्या नावाची, ती सम्राटाची. एक पृथ्वीच्या नावाची, मिंग घराण्याच्या काळात ती सम्राज्ञीची. या दोहोंच्या मध्ये नंतर एक छोटं दालन उभं राहिलं. त्याचं नाव या अकराव्या आकृतीवरून ठेवलेलं आहे: आकाश-पृथ्वीची भेट. यांग निवासाला यिन नको असतं, तर खुद्द सम्राटाच्या घरात त्याला एवढा मान कशाला मिळाला असता?

मग बिघडलं कुठे? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दोंग चोंगशू नावाचा दरबारी पंडित होऊन गेला. त्यानं यिन-यांगला राजा-सेवक, बाप-मुलगा आणि नवरा-बायको या जोड्या चिकटवल्या आणि यांग श्रेष्ठ, यिन कनिष्ठ अशी उतरंड लावली. राज्य चालवायला ती सोयीची होती, म्हणून टिकली. पुढे बान चाओ या विदुषीनं स्त्रियांसाठी उपदेशाचं पुस्तक लिहिलं. त्यात तिनंही कणखरपणा पुरुषाचा आणि नमतेपणा बाईचा, हेच सांगितलं. पण त्याच पुस्तकात मुलींनाही मुलांसारखं शिकवा, असाही आग्रह तिनं धरला, बरं का! आणि भावाच्या हातून अपुरा राहिलेला इतिहासग्रंथ पुरा करण्यात तिचा मोठा वाटा होता. थोडक्यात काय, डोंगराची सावली निसर्गानं पाडली. पण तिला खालची पायरी माणसांनी दिली.

छोटा महिना

वाचता वाचता एका गोष्टीपाशी मी थांबले, ती मात्र मला सर्वांत मोलाची वाटली. चिनी घरांत बाळंतिणीला महिनाभर विश्रांती देतात. त्याला ते 'महिना बसणं' म्हणतात. आपल्या सव्वा महिन्यासारखंच. वाऱ्यापासून जपायचं, आलं आणि तिळाचं तेल घातलेलं गरम खायला द्यायचं, पडू द्यायचं. आणि जिचं मूल पोटातच गेलं, तिच्यासाठीही त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे: 'छोटा महिना'. तिलाही तशीच ऊब आणि तशीच विश्रांती.

म्हणजे पाहा. ज्यांची ही विद्या, त्यांच्या घरात अशा बाईला निवांत खोली आणि गरम वाटी देतात. यिन आणि यांग दोन्ही. आणि आमच्या नणंदेला त्याच विद्येच्या नावाखाली काय मिळालं? चोवीस तास दिवे, रेडिओ, आणि आडवं व्हायला बंदी. आपल्याकडेही अशा वेळी "आता झालं गेलं, उठून कामाला लाग" म्हणतात. मीसुद्धा तिला फोनवर तेच म्हटलं होतं.

बाजारातल्या फेंगशुईबद्दल जास्त लिहीत नाही. दोनच गोष्टी सांगते. हसणारा बुद्ध म्हणून जो विकतात, तो गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकातला, कापडी झोळी घेऊन फिरणारा बुदाय नावाचा चिनी भिक्षू तो. आणि 'लकी बांबू' हा बांबूच नाही, चिनीही नाही. ती आफ्रिकेतली ड्रॅसिना जातीची वनस्पती आहे. दिसायला छान आहे, जरूर ठेवा. पण तिच्यावर संसाराचा भार टाकू नका.

ओल नळाची होती

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. या वेळी पुस्तक नेलं नाही, गुळाचा आलेपाक नेला. आधी तिला बाईंच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून सांगितलं की, दिवस राहिल्याचं कळतं त्या दर 100 बायकांपैकी 10 ते 20 जणींच्या बाबतीत असं होतं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो बाईच्या चालण्याबोलण्यानं येत नाही आणि भिंतीच्या रंगानं तर नाहीच नाही. "तुझी चूक नव्हती," हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. नणंद पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. मी "रडू नको" म्हणाले नाही. तेवढं शिकले होते.

भिंतीची ओलही खरीच होती. पण ती यिनची नव्हती, शेजारच्या न्हाणीघराच्या गळक्या नळाची होती. प्लंबर आला, नळ बदलला. पावसाळा संपल्यावर भिंत वाळली, आणि लाल रंगावर फिकट पिस्त्याचा हात चढला.

फेंगशुई हे काही विज्ञानाच्या कसोटीवर उतरलेलं शास्त्र नाही. पण त्यातल्या यिन-यांगच्या नजरेनं घराकडे एकदा पाहावं, असं मला आता वाटतं. त्या दृष्टीनं चार गोष्टी सुचवते. खर्च फारसा नाही.

* आधी घरात कुठल्या वेळी कुठे ऊन येतं, ते एक दिवस नीट पाहा. शिवण, मुलांचा अभ्यास, निवडणं-टिपणं अशी कामं उजेडाच्या जागी, निजणं सावलीच्या जागी ठेवा.
* झोपायच्या खोलीत भडक रंग आणि डोळ्यांवर येणारा दिवा नको. पिवळसर मंद दिवा आणि जाड पडदा पुरे.
* सावली चालेल, पण कोंदटपणा आणि ओल नको. रोज सकाळी समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघड्या ठेवा. बुरशी दिसली तर पाणी कुठून येतं ते आधी शोधा, रंग नंतर.
* घरात एक तरी कोपरा असा ठेवा, जिथे घरातली बाई दिवसातून अर्धा तास बसेल आणि तिला कुणी हाक मारणार नाही.

ही शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि आपल्याकडे सर्वांत अवघड!

परवा भाऊबीजेला आमचे हे आणि मी नणंदेकडे गेलो. दार तिच्या यजमानांनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. घरात एकच दिवा होता, देवापुढचा. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता.

"झोपली आहे," ते हळूच म्हणाले. "दीड तास झाला. उठवू का?"

"मुळीच नको," मी म्हटलं, आणि ओवाळणीच्या ताटाची तयारी करायला स्वयंपाकघरात गेले.